भित्यापाठी ब्रह्मराक्षस : पाटण्यातील अफवा आणि एका सिद्धांताचा जन्म

१

१५ जानेवारी १९३४. संक्रांत नुकतीच उलटली होती. दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता आठच्या आसपास होती असे आज मानले जाते. मुंगेरचा गजबजलेला बाजार पाहता पाहता विटांचा ढिगारा झाला. मुझफ्फरपूर, मोतीहारी, दरभंगा इथेही हाहाकार उडाला. गंगेच्या उत्तरेला मैलोगणती जमीन भेगाळली, भेगांतून पाणी आणि वाळू उसळली, उभी शेते वाळूखाली गेली, विहिरी बुजल्या. एकट्या बिहारात सात हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. नेपाळ धरून हा आकडा दहा हजारांच्या पुढे जातो. तुरुंगात असलेल्या राजेंद्रप्रसादांची दोनच दिवसांनी सुटका झाली आणि त्यांनी मदतकार्याची सूत्रे हाती घेतली.

ही हकीकत आधुनिक भारताच्या इतिहासात नोंदलेली आहे. त्याच भूकंपाची दुसरी एक हकीकत आहे. ती मानसशास्त्राच्या इतिहासातली, आणि तिथेही एका अमेरिकन पुस्तकाच्या प्रस्तावनेतल्या थोड्या ओळींत दडलेली. माणसाची मते आणि त्याचे वागणे कशाने बदलते, या प्रश्नाचा शोध विसाव्या शतकात प्रयोगशाळांमधून घेतला गेला. त्यातून जे सिद्धांत पुढे आले त्यांतल्या एका अतिशय गाजलेल्या सिद्धांताचे बीज पाटण्यात आहे, त्या जानेवारीत लोक एकमेकांच्या कानात जे सांगत होते त्यात आहे. हे बीज कसे गेले, कुठे रुजले, आणि जाताना त्याचा कोणता भाग मागे राहून गेला, हे पाहण्यासारखे आहे.

२

जमुना प्रसाद हे पाटण्यातले मानसशास्त्राचे अभ्यासक. पाटण्याला भूकंपाचा धक्का जोराचा बसला, थोडीफार पडझडही झाली. पण मुंगेरसारखा संहार तिथे झाला नाही. बहुतेकांची घरे उभी होती, घरची माणसे सुखरूप होती. पायांखालची जमीन हलली हे मात्र प्रत्येकाने अनुभवले होते. तारा तुटलेल्या, रेल्वे उखडलेली, उत्तरेकडून येणाऱ्या बातम्या अर्ध्यामुर्ध्या. अशा दिवसांत लोकांमध्ये जे बोलले जात होते ते प्रसादांनी टिपून ठेवले.

त्या अफवांपैकी काही अशा : भूकंपाच्या क्षणी गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतून बसले. नेपाळच्या सीमेकडून मधुबनीच्या दिशेने महापूर धावत येत आहे. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यात भयंकर चक्रीवादळ होणार. २३ जानेवारी हा घातवार आहे, त्या दिवशी कल्पनेपलीकडची संकटे कोसळतील. येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार.

यांतली पहिली अफवा घडून गेलेल्या गोष्टीची आहे. बाकीच्या साऱ्या घडत असलेल्या किंवा घडणार असलेल्या संकटाच्या आहेत. शिवाय त्यांत तारखा आहेत, गावांची नावे आहेत. धडपणे वाचलेल्या माणसाने दिलासा शोधावा, ‘झाले ते झाले, आता भीती नाही’ असे म्हणावे, अशी आपली अपेक्षा असते. पाटण्यातले लोक नेमके उलटे करत होते. एका संकटातून सुटल्यावर ते पुढच्या, अधिक मोठ्या संकटाच्या बातम्या उत्सुकतेने ऐकत होते आणि शेजाऱ्याला सांगत होते.

प्रसादांनी १९३५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये या अफवांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीनच वर्षे केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचे स्मरणावरचे पुस्तक आले होते. एखादी अनोळखी गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगत गेले तर ती कशी बदलते, हे बार्टलेटनी प्रयोगशाळेत तपासले होते. तिथे गोष्ट सांगणाऱ्याच्या जिवावर काही बेतलेले नव्हते. प्रसादांच्या हाती आलेल्या गोष्टी मात्र जिवाच्या आकांताने सांगितलेल्या होत्या.

अफवा कुठे उगवते याच्या पाच खुणा प्रसादांनी सांगितल्या. प्रसंग भावना ढवळून काढणारा असावा लागतो. तो नेहमीचा नसावा लागतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी लोकांना अज्ञात असाव्या लागतात. काही गोष्टी पडताळून पाहण्याची सोय नसावी लागते. आणि तो प्रसंग एकट्यादुकट्याच्या नव्हे, साऱ्या समूहाच्या जिव्हाळ्याचा असावा लागतो. शेवटची खूण त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची होती. अफवा ही कोणा एका भित्र्या डोक्याची उपज नाही. जमाव एकत्र बसून, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कथांच्या, पंचांगाच्या, ग्रहनक्षत्रांच्या आधारे, न समजलेल्या गोष्टीला समजेल असा आकार देतो, तो आकार म्हणजे अफवा. पुढे १९५० मध्ये प्रसादांनी याच अफवा निरनिराळ्या देशांतल्या आणि काळांतल्या भूकंपांच्या वृत्तांतांशी ताडून पाहिल्या, तेव्हा फार दूरदूरच्या माणसांनी सारख्याच गोष्टी सांगितल्याचे त्यांना दिसले.

अफवांवरचे जे पुस्तक जगभर पाठ्यपुस्तकासारखे वाचले गेले, ते गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचे, १९४७ साली निघाले. प्रसादांचा निबंध त्याच्या बारा वर्षे आधीचा आहे.

३

‘हे कशामुळे झाले?’ हा प्रश्न त्या दिवसांत फक्त गल्लीबोळांत विचारला जात नव्हता. २४ जानेवारीला, भूकंपानंतर नवव्या दिवशी, हरिजन-यात्रेवर असलेले गांधीजी तिरुनेलवेलीत बोलले. बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे, असे त्यांनी सांगितले. रवींद्रनाथ ठाकूर अस्वस्थ झाले. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात ते गांधीजींच्या बाजूचे; पण भौतिक घटनांची कारणे भौतिकच असतात, त्यांचा नीतीशी असा संबंध जोडणे म्हणजे देशातल्या अविवेकाला खतपाणी घालणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी आणखी एक मार्मिक मुद्दा मांडला : हा युक्तिवाद गांधीजींच्या विरोधकांनाच जास्त शोभतो, देवळे हरिजनांना उघडी करायला निघालेल्या गांधीजींवर देव कोपला, असे ते उद्या म्हणू लागले तर नवल नाही. १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधीजींनी रवींद्रनाथांचे निवेदन आपल्या उत्तरासह छापले आणि आपल्या श्रद्धेवर ते ठाम राहिले.

हा वाद विवेक विरुद्ध श्रद्धा असा नेहमी वाचला जातो, आणि तसा तो आहेही. प्रसादांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचला की त्यातले आणखी काही दिसते. इतका मोठा हादरा, इतके मृत्यू, आणि कारण काय, तर पृथ्वीच्या पोटात खडक सरकले. मन हलवून टाकणाऱ्या घटनेला हे कारण फार तोकडे वाटते. पाटण्यातला माणूस चंद्रग्रहणात कारण शोधत होता, सनातनी देवळाच्या दारात शोधत होता, महात्मा समाजाच्या पापात शोधत होता. या शोधांचे नैतिक मोल अगदी वेगवेगळे आहे, त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. शोधण्याची गरज मात्र एकाच जातीची होती : भावनेच्या आकाराला साजेसे कारण हवे होते.

४

१९५१ च्या अखेरीस फोर्ड फाउंडेशनच्या वतीने बर्नार्ड बेरेलसन यांनी लिऑन फेस्टिंगर या तरुण अमेरिकन मानसशास्त्रज्ञावर एक काम सोपवले : संदेशवहन आणि सामाजिक प्रभाव या विषयांवर जे संशोधन झाले आहे त्यातले निष्कर्ष एकत्र मांडायचे. काम रुक्ष होते. फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या विषयांवरचे निबंध चाळत होते. त्यात प्रसादांचा भूकंपावरचा निबंध समोर आला.

फेस्टिंगरना तो प्रश्न सुटेना. कोणाला उगाच घाबरायला आवडत नाही. मग अधिक घाबरवणाऱ्या बातम्या लोकांनी का पसरवल्या, आणि त्यांवर विश्वास का ठेवला? विचार करता करता त्यांनी प्रश्नच उलटा केला. अफवांमुळे लोक घाबरले, असे आपण गृहीत धरतो. पण लोक तर आधीच घाबरलेले होते, जमीन हलली तेव्हापासून. आजूबाजूला पाहावे तर घर जागेवर, माणसे जागेवर, भिण्यासारखे डोळ्यांना काहीच दिसत नाही. ‘मी फार घाबरलो आहे’ आणि ‘घाबरण्यासारखे काही नाही’ या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकत नाहीत. भीती हुकमासरशी जात नाही. मग दुसरी बाजू बदलायची. वादळ येणार आहे, पूर येतो आहे, म्हणजे मी घाबरलो ते योग्यच आहे. अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. भीतीला त्या कारण पुरवत होत्या.

आपल्याकडे म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. भित्र्याला नसलेले भूत दिसते, अशा चेष्टेच्या सुरात आपण ती वापरतो. फेस्टिंगरनी तिच्यात दडलेली यंत्रणा दाखवली. भित्याला ब्रह्मराक्षस दिसतो, कारण त्याला तो हवा असतो. राक्षस नसेल तर आपल्या थरथरणाऱ्या पायांचा अर्थ लावायचा कसा?

हा तर्क तपासायला आणखी एक भारतीय निबंध उपयोगी पडला. जून १९५० मध्ये दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळून मोठी हानी झाली. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या बातम्या आणि अफवांचा अभ्यास करून १९५२ मध्ये त्याच ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला. दार्जिलिंगचे लोक प्रत्यक्ष विध्वंसाच्या मध्यात होते. तिथे अतिशयोक्ती होती, अस्वस्थता होती. पण पुढच्या आणखी मोठ्या संकटाची भाकिते मात्र उगवली नव्हती. फेस्टिंगरच्या दृष्टीने हे सरळ होते. ज्यांच्यासमोर कोसळलेली घरे होती त्यांच्या भीतीला कारण आयते होते, अफवेतून ते मागवायची गरज नव्हती.

१९५७ मध्ये फेस्टिंगरचे पुस्तक निघाले. ‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हे त्याच्या सिद्धांताचे नाव; मराठीत आपण त्याला बोधात्मक विसंगती म्हणू. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींना छेद देऊ लागल्या की माणसाला भुकेसारखी बेचैनी जाणवते आणि ती शमवण्यासाठी तो आपले मत, आपले वागणे किंवा आपली माहिती बदलतो, असा त्याचा गाभा. विचारांच्या पहिल्या ठिणगीचे श्रेय प्रस्तावनेत फेस्टिंगरनी प्रसादांच्या नोंदींना मोकळेपणाने दिले आहे. पुढे सिद्धांत पाठ्यपुस्तकांत गेला, प्रस्तावना मागे राहिली.

५

ही कल्पना प्रयोगशाळेत कशी उतरली ते पाहण्यासारखे आहे, कारण पाटण्याचा आणि वर्तनबदलाचा संबंध तिथेच जुळतो. भीतीच्या जागी कृती ठेवा. मी एक गोष्ट करून बसलो आहे. ती करण्याला पुरेसे कारण मला सापडत नाही. तेव्हा ते कारण मी माझ्याच मनात तयार करतो.

१९५९ मध्ये फेस्टिंगर आणि मेरिल कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याने अर्धा तास बारा रिळे एका ट्रेमध्ये भरायची, काढायची, पुन्हा भरायची. मग अर्धा तास पाटीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव वळण फिरवायच्या. काम जाणूनबुजून कंटाळवाणे केलेले होते. ते संपले की प्रयोगकर्ता त्याला विनंती करी : आमचा नेहमीचा मदतनीस आला नाही, बाहेर बसलेल्या मुलीला तू सांगशील का, की काम फार मजेचे आहे? या खोटे बोलण्यासाठी काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस. तिसऱ्या गटाला खोटे बोलायला सांगितलेच नाही. शेवटी प्रत्येकाला विचारले, काम खरोखर किती आवडले? उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर न बोललेल्यांची सरासरी उणे ०.४५ आली, वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५, आणि एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५.

मोबदला जितका मोठा तितका परिणाम मोठा, असा तेव्हा शिक्षणाच्या मानसशास्त्राचा खाक्या होता. इथे तो उलटला. वीस डॉलर घेतलेल्याकडे खोटे बोलण्याचे कारण खिशात होते. एक डॉलरवाल्याकडे ते नव्हते. म्हणून त्याने काम थोडे बरे वाटू दिले. तो आणि पाटण्यातला तो घाबरलेला माणूस भाऊभाऊच. द्राक्षे हाती लागली नाहीत तेव्हा ती आंबट म्हणणारा कोल्हा आपल्या ओळखीचा आहे. इथे फुकट पदरात पडलेली आंबट द्राक्षे गोड म्हणणारा कोल्हा भेटला.

बक्षिसाचे जे खरे, तेच धाकाचे. जोनाथन फ्रीडमन यांचा १९६५ चा प्रयोग सात ते दहा वर्षांच्या मुलांवरचा आहे. खोलीत खेळणी ठेवली, त्यात एक झकास रोबो. त्याला हात लावायचा नाही, असे मुलांना बजावले. निम्म्या मुलांना कडक शब्दांत : हात लावलास तर मी फार रागावेन आणि मग मला काहीतरी करावे लागेल. निम्म्यांना नुसते : हात लावणे बरे नाही. मग मूल एकटे सोडले. त्या दिवशी जवळपास सर्वांनी आज्ञा पाळली. खरा प्रयोग काही आठवड्यांनी झाला. वेगळीच व्यक्ती, वेगळ्याच निमित्ताने आली. रोबो समोर होता आणि कोणी मनाई केलेली नव्हती. कडक धाक मिळालेल्या मुलांपैकी ६७ टक्के मुले त्याच्याशी खेळली. सौम्य शब्द ऐकलेल्यांपैकी २९ टक्के. पहिल्या मुलांनी स्वतःला सांगितले होते, ‘ते रागावतील म्हणून मी खेळत नाही’. ते गेले, कारणही गेले. दुसऱ्या मुलांना एवढे भक्कम कारण बाहेर सापडले नव्हते. तेव्हा ‘मलाच ते खेळणे एवढे नको आहे’ असे काहीसे त्यांच्या आत रुजले. छडीच्या धाकाने शिकवणाऱ्या आपल्या शाळांना आणि घरांना हा छोटा प्रयोग बरेच काही सांगून जातो : धाक देणारा समोर असेपर्यंतच धाक चालतो.

पुढे या तत्त्वाचा उपयोग सवयी बदलण्यासाठी झाला. कॅलिफोर्नियातल्या दुष्काळाच्या काळात एलियट आरॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांताक्रूझच्या विद्यापीठात पोहून शॉवरकडे निघालेल्या मुलींना गाठले. पाणी जपून वापरा असे सांगणाऱ्या फलकावर काही जणींच्या सह्या घेतल्या. काहींना त्यांच्या स्वतःच्या पाणी वापरण्याबद्दल प्रश्न विचारले. काहींकडून दोन्ही करून घेतले. काहीच न विचारलेल्या मुलींनी सरासरी पाच मिनिटे शॉवर चालू ठेवला. दोन्ही केलेल्या मुलींनी साडेतीन मिनिटांच्या थोड्या वर. एकच गोष्ट केलेल्यांचा वेळ मधला. लोकांना उपदेश ऐकवण्यापेक्षा त्यांनाच उपदेश करायला लावावा आणि मग त्यांच्या वागण्याचा आरसा हळूच समोर धरावा, हा १९९२ च्या त्या निबंधाचा धडा.

६

सिद्धांत इतका सुबक आहे की त्याच्याकडे संशयाने पाहणे भाग आहे, आणि तसे अनेकांनी पाहिले. डॅरिल बेम यांनी १९६७ मध्ये विचारले, मनात बेचैनी असते हे कशावरून? माणूस स्वतःच्या वागण्याकडे परक्यासारखा पाहतो आणि ‘मी हे केले, म्हणजे मला हे आवडत असावे’ एवढेच अनुमान काढतो. त्यानंतर काही प्रयोगांनी बेचैनी खरोखर असते असे दाखवले. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांनी मिळून सुमारे ४,९०० लोकांवर, आपल्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावण्याचा जुना प्रयोग पुन्हा केला. मताविरुद्ध लिहिणाऱ्यांची मते सरकली. पण ‘मी हे स्वेच्छेने केले’ असे वाटण्यामुळे ती जास्त सरकावीत, हे सिद्धांताचे लाडके भाकीत मात्र खरे ठरले नाही. १९५४ मध्ये जगबुडीची वाट पाहणाऱ्या शिकागोजवळच्या एका पंथाचा फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यासही आता वादात आहे. खोटी ओळख सांगून आत शिरलेले निरीक्षक त्या छोट्या गटाच्या घडामोडींत स्वतःच सामील झाले, हा आक्षेप लहान नाही.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न पाटण्यातून स्टॅनफर्डपर्यंतच्या प्रवासाचा आहे. प्रसादांचा प्रश्न होता, अनिश्चिततेत समूह काय करतो? फेस्टिंगरने तो एका डोक्याच्या आत नेला : परस्परविरोधी गोष्टींचे मन काय करते? या बदलाने प्रयोग शक्य झाला. रिळे, खुंट्या, डॉलर, रोबो, घड्याळ, सगळे मोजता आले. पण गल्ली, बैठक, पंचांग, शेजारी हे सारे बाहेर राहिले. प्रशांत बोर्डिया आणि निकोलस डिफॉन्झो या दोन अफवा-अभ्यासकांनी २००२ मध्ये नेमके हेच दाखवून दिले : प्रसादांचे विवेचन सामाजिक होते, नंतरचे शास्त्र व्यक्तीपुरते आकसले.

यात एक जुनी सवयही दिसते. स्टॅनफर्डच्या साठ तरुणांनी दिलेल्या गुणांवरून निघालेला निष्कर्ष ‘माणसाचा’ ठरला, पाटण्याच्या लोकांनी जे केले ते ‘भारतीय भूकंपानंतरच्या अफवा’ राहिले. प्रसादांकडून नोंदी घेतल्या गेल्या, त्यांचा सिद्धांत मात्र घेतला गेला नाही. आपल्याकडच्या विद्वानांनीही तो फारसा परत मागितला नाही. दुर्गानंद सिन्हा यांनी पुढे अलाहाबादला मानसशास्त्र विभाग उभा केला आणि परदेशी सिद्धांतांच्या नकला पुरे, इथल्या जीवनातून प्रश्न उचला, असा आग्रह आयुष्यभर धरला. दार्जिलिंगच्या दरडींचा अभ्यास केलेल्या माणसाला तो आग्रह धरण्याचा अधिकार होताच.

७

समूह सुटला की काय सुटते, हे मराठी मुलखातल्या दोन घटनांवरून कळते.

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत प्लेगची साथ पसरत असताना गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. रुग्णालयात माणसे बरी करायला नव्हे, मारायला नेतात, अशी अफवा होती. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाच्या बदल्यात राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत, असेही बोलले जात होते. शब्दशः यातले काहीच खरे नव्हते. पण रोग्याला घरच्यांपासून सक्तीने वेगळे काढण्याचा अधिकार पालिकेने घेतला होता, आणि नेलेल्यांपैकी फार थोडे परत येत होते. ही भीती कारण शोधत भटकत नव्हती. कारण दारात उभे होते. सरकारबद्दल उघड जे म्हणता येत नव्हते ते अफवेने म्हटले. एका डोक्यातली विसंगती म्हणून तिचा निकाल लावला तर सत्तेविषयीचे ते शहाणपण हातचे जाते.

दुसरी घटना ताजी आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. दोष मोबाइलवरच्या संदेशांना दिला गेला, आणि तो त्यांचा होताच. पण ज्या संदेशावर एका गावात लोक हसले असते त्यावर दुसऱ्या गावात विश्वास का बसला, हा प्रसादांचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर संदेशात नाही; अनोळखी माणसाविषयीच्या, विशेषतः भटक्या माणसाविषयीच्या, कितीतरी जुन्या संशयात आहे. फेस्टिंगरचा सिद्धांत पुढची भयानक पायरी समजावतो. पहिला दगड उचलेपर्यंत अफवेवर शंका घेता येते. उचलल्यावर ‘हे निरपराध असतील’ हा विचार मनाला झेपत नाही. हात जितका पुढे जातो तितकी खात्री पक्की होत जाते. म्हणून खुलाशाचे संदेश नेहमी उशिरा पोचतात. ते माहिती दुरुस्त करतात, आणि माणूस त्या वेळी स्वतःला वाचवत असतो.

नव्वद वर्षांच्या या प्रवासातून काही ठोस हाती लागते का? दोन गोष्टी तरी लागतात. मोठे बक्षीस आणि मोठा धाक यांनी वागणे तेवढ्यापुरते बदलते, कारण ते बदलाचे कारणच स्वतःकडे ठेवून घेतात. ज्याला थोडक्या दबावात स्वतः पाऊल टाकू दिले जाते त्याच्यात ते पाऊल रुजण्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट अफवेची. ‘अडाणी लोक, काहीही मानतात’ असे म्हणून अफवा मिटत नाही, कारण भीती तशीच उरते आणि ती नवे कारण शोधते. भीती कशाची आहे हे आधी विचारावे लागते, आणि खोट्या कारणाच्या जागी खरे कारण ठेवावे लागते, तेही लोकांना पडताळून पाहता येईल असे.

पाटण्यात त्या जानेवारीत तसे खरे कारण कोणी ठेवले नाही. चक्रीवादळाची तारीख उलटली, घातवाराची उलटली, ग्रहणही सुटले. पाटण्यात तेव्हा काय बोलले जात होते हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण एका माणसाने त्या बोलण्याला हसण्याऐवजी ते लिहून ठेवले.